कातण, कॉटन आणि खोडलेली बंडी

गेल्या हिवाळ्यात यवतमाळ जिल्ह्यातील एका महाविद्यालयात भरलेल्या चर्चासत्राला आम्ही श्रोते म्हणून हजर होतो. विषय होता इंग्रजीतील चमत्कारिक शब्दांच्या जन्मकथा. सभागृह भरलेले होते आणि बाहेरच्या रस्त्यावरून कापसाच्या गाड्या जिनिंगच्या दिशेने चालल्या होत्या. बीजभाषण करणाऱ्या पाहुण्यांनी खिडकीकडे बोट दाखवून विचारले, कॉटन हा शब्द आला कोठून? उत्तरही त्यांनीच दिले : आपल्या कातणातून! कातण, कातन, कॉटन. टाळ्या पडल्या. मग ओघच सुरू झाला. व्हॅटिकन म्हणजे वाटिका, ख्रिश्चॅनिटी म्हणजे कृष्णनीती. (ही दोन रत्ने पु. ना. ओक ह्यांच्या लेखनातून कित्येक दशके फिरत आहेत. पाहुण्यांनी त्यांचे नाव मात्र घेतले नाही.) विद्यार्थी वह्यांत उतरवून घेत होते, आणि आमच्या शेजारी बसलेले इंग्रजीचे एक प्राध्यापकही उतरवून घेत होते.

दुपारच्या चहाला आम्ही प्राध्यापक कक्षात गेलो. मराठीचे एक अध्यापक पहिल्या वर्षाच्या निबंधवह्या तपासत होते. वरच्याच वहीत एका मुलीने लिहिले होते की पहाटे बाबा बंडी जुंपतात. त्यातल्या 'बंडी'वर लाल शाईची आडवी रेघ होती, वर 'बैलगाडी' आणि समासात एकच शब्द, 'ग्राम्य'. सकाळच्या भाषणाचे आभारप्रदर्शन ह्याच गृहस्थांनी केले होते. इंग्रजांना कातण देणाऱ्या संस्कृतीबद्दल त्यांनी पाहुण्यांचे विशेष आभार मानले होते.

ह्या दोन गोष्टी एकाच दिवशी, एकाच इमारतीत आणि एकाच माणसाकडून घडाव्यात ह्याला आम्ही योगायोग समजत नाही. खोट्या व्युत्पत्तीचा अभिमान आणि खऱ्या शब्दाची लाज ह्या एकाच वृत्तीच्या दोन बाजू आहेत, आणि आमचे भांडण त्या वृत्तीशी आहे.

आधी कातणाचा निकाल लावू. कॉटन हा शब्द इंग्रजीत चौदाव्या शतकाच्या आसपास रुळला. तो फ्रेंचमधून आला, फ्रेंचमध्ये इटलीकडून आणि तेथे अरबीतून. अरबीतला मूळ शब्द 'कुत्न'. स्पेनमध्ये तोच शब्द अरबी 'अल' ह्या उपपदासकट राहिला आणि त्याचा 'अल्गोदोन' झाला. शब्द कोणाच्या हातून मिळाला ह्याची पावतीच जणू त्याच्या अंगावर चिकटून राहिली. इंग्रजांची ईस्ट इंडिया कंपनी १६०० सालची. म्हणजे इंग्रज आपल्या किनाऱ्याला लागण्याच्या दोनअडीचशे वर्षे आधीपासून इंग्लंडात कॉटन म्हणत होते. आपले कातणे संस्कृत 'कृत्' ह्या सूत काढणे अशा अर्थाच्या धातूकडे जाते, आणि तो रस्ता अरबीच्या गावावरून जात नाही. दोन शब्दांत क, त आणि न आहेत एवढ्यावर नाते जुळत असते, तर फारसीतला 'बद' आणि इंग्रजीतला 'बॅड' हे सख्खे भाऊ ठरले असते. दोहोंचा अर्थ वाईट, उच्चार जवळजवळ तोच, आणि परस्परांशी संबंध शून्य. भाषाशास्त्राच्या कोणत्याही प्राथमिक वर्गात हे उदाहरण दिले जाते.

उलट, खरे नातेवाईक बहुधा ओळखू येत नाहीत. त्याच खिडकीतून दिसणारी बंडी घ्या. तिच्या चाकाला संस्कृतात चक्र म्हणतात. इंग्रजीतले 'व्हील' हे ह्याच चक्राचे भावंड. ऐकून कोणाला खरे वाटेल? पण ध्वनींच्या बदलांचे नियम लावत मागे गेले की दोन्ही एका उगमाशी पोचतात. चाक ज्यावर फिरते तो आस म्हणजे संस्कृतातला अक्ष, आणि इंग्रजीतला 'ॲक्सल' त्याच घराण्यातला. बैलांच्या मानेवरचे जू म्हणजे युग, इंग्रजीत 'योक'. ह्यांतले काहीही आपण इंग्रजांना दिलेले नाही आणि इंग्रजांनी आपल्याला दिलेले नाही; दोघांच्याही हजारो वर्षांपूर्वीच्या पूर्वजांचा हा सामाईक वारसा आहे. विल्यम जोन्सने १७८६ मध्ये कलकत्त्यात ह्या नात्याकडे लक्ष वेधले तेव्हा संस्कृत ही ग्रीक-लॅटिनची आई आहे असे तो म्हणाला नव्हता. ह्या भाषा एका उगमातून निघाल्या असाव्यात आणि तो उगम आता कदाचित उरलेलाही नसेल, एवढेच तो म्हणाला. आमच्या व्युत्पत्तिवीरांना बहीण चालत नाही, त्यांना आईच व्हायचे असते.

आणि स्वतः बंडी? हा शब्द संस्कृतातून आलेला नाही. तेलुगूत बंडी, तमिळमध्ये वंडी. यवतमाळ जिल्ह्याची दक्षिण सीमा पैनगंगेची; पलीकडे आदिलाबाद, आजचे तेलंगण. वणी, केळापूर, झरी ह्या भागांत मराठीच्या शेजारी तेलुगू, गोंडी आणि कोलामी पिढ्यान्‌पिढ्या नांदत आल्या आहेत. त्या शेजारातून विदर्भाच्या मराठीला हा शब्द लाभला. (पुण्यामुंबईकडे बंडी म्हणजे बिनबाह्यांचा अंगरखा, आणि त्यामुळे तिकडच्या वाचकाला बाबा पहाटे बंडी जुंपतात हे वाक्य मोठे गमतीचे वाटते. असो.) तोच शब्द दक्षिणेत आणि पश्चिमेत वावरणाऱ्या इंग्रजांनीही उचलला आणि गाडी ह्या अर्थाने वापरला. यूल आणि बर्नेल ह्यांच्या १८८६ सालच्या 'हॉब्सन-जॉब्सन' ह्या प्रख्यात कोशात तो सन्मानाने बसलेला आहे. बंगालकडे तो कोणाला ठाऊक नाही, हेही तेथे नोंदवले आहे. तेव्हा सत्राचा विषय होता त्या चमत्कारिक इंग्रजी शब्दांतला एक अस्सल शब्द शंभर पावलांवर, लाल रेघेखाली पडला होता. तो सभागृहात कोणीच नेला नाही.

त्या कोशाच्या नावाचीच कथा सत्रात सांगण्यासारखी होती. मुहर्रमच्या मिरवणुकीतला 'या हसन, या हुसेन' हा आक्रोश गोऱ्या शिपायांच्या कानांनी आपल्या ओळखीच्या दोन आडनावांत बसवला आणि त्याचे हॉब्सन-जॉब्सन झाले. परका शब्द आपल्या जिभेच्या साच्यात ओतण्याच्या ह्या प्रक्रियेला पुढे तेच नाव पडले. आपणही तेच करतो. प्लॅटूनची पलटण केली, हॉस्पिटलचे इस्पितळ केले. पगार, चावी, बादली, पाव हे पोर्तुगिजांकडून घेतले आणि बटाटा तर पोर्तुगिजांच्या हातून थेट कॅरिबियन बेटांवरून आला. बटाट्याची भाजी खाताना मराठी माणसाला उसनवारीची लाज वाटत नाही. मग व्याख्यानपीठावर चढताच सगळे जग आपले ऋणको असल्याचा साक्षात्कार त्याला का व्हावा?

आता आपल्याकडून इंग्रजीत खरोखरीच गेलेले शब्द पाहू, कारण ते आहेत आणि त्यांची साक्ष कडवट आहे.

मुंगूस घ्या. इंग्रजीतला 'मंगूस' बहुतेक कोश मराठीकडे नेतात; काही तेलुगूचे नाव घेतात. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानात राहिलेल्या आणि जुन्नरपर्यंत जाऊन आलेल्या जॉन फ्रायर ह्या वैद्याच्या प्रवासवर्णनात तो भेटतो. येथे अभिमानाला जागा आहे असे वाटते न वाटते तोच दुसरी गोष्ट समोर येते. संस्कृतात ह्या प्राण्याला नकुल म्हणतात आणि त्याचा मुंगूस होणे शक्य नाही. तेलुगूत मात्र 'मुंगिस' आहे, तमिळमध्ये 'मूंगा' आहे. म्हणजे मराठीने इंग्रजीला जो शब्द दिला तो तिच्याकडे शेजारणीचा होता असे दिसते. बरो आणि एमेनो ह्यांच्या द्राविडी व्युत्पत्तिकोशात (१९६१, सुधारित आवृत्ती १९८४) हे शब्द एकत्र मांडलेले आहेत. ह्याच एमेनो ह्यांनी कोलामी ह्या भाषेवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. तो १९५५ मध्ये कॅलिफोर्नियातून निघाला. कोलाम आमच्याच जिल्ह्यात राहतात. दूरच्या विद्यापीठातला माणूस त्यांची भाषा टिपून घेतो आणि तीस किलोमीटरवरचा आमचा भाषाविभाग व्हॅटिकनच्या वाटिकेत फिरत बसतो, ह्याला काय म्हणावे?

बरे, कापूस तरी संस्कृत का? कार्पास हा शब्द संस्कृतातून ग्रीकमध्ये 'कार्पासॉस' आणि लॅटिनमध्ये 'कार्बासुस' होऊन गेला, हिब्रू बायबलातही पोचला. हा खरा आणि भव्य प्रवास आहे. आश्चर्य असे की सत्रात त्याचा उच्चारही झाला नाही. पण ह्या कार्पासाचे मूळही संस्कृतात असेलच असे नाही. झां प्रझिलुस्की ह्या फ्रेंच पंडिताने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो मुंडा भाषांच्या कुळातून संस्कृतात आला असावा असे मांडले. ते मत सर्वांनी मानलेले नाही. तरी ज्यांच्या बोलीला आपण रानटी म्हणतो त्यांनी आपल्याला कापूस हा शब्द दिला असण्याची शक्यता मांडता येते, एवढे लक्षात आले तरी व्याख्यात्याचा आवाज थोडा खाली यावा.

आता 'लूट'. इंग्रजीत लूट गेली ह्याचा उल्लेख करताना आमचे वक्ते अशा सुरात बोलतात, जणू आपण ती शाल-श्रीफळासह दिली. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कंपनीच्या माणसांच्या लिहिण्यात हा शब्द शिरला. वस्तू नेताना तिचे नावही सोबत गेले, इतकी साधी गोष्ट आहे. गोणीचा 'गनी' झाला तोही असाच. गोणी पाणिनीच्या सूत्रात आहे आणि वखारीच्या जमाखर्चातही आहे. इंग्रजांनी ती पाणिनीकडून घेतली नाही, वखारीतून घेतली. छिटाचे 'चिंट्झ' झाले, कालिकतवरून 'कॅलिको' निघाला. सावकाराचा 'सौकार' त्यांच्या दप्तरात बसला. ह्या शब्दांची यादी मोठ्याने वाचून पाहावी : गोणी, छीट, सावकार, लूट. ती आपल्या भाषेच्या थोरवीची यादी वाटत नाही, व्यापाराची खतावणी वाटते.

आणि ह्या खतावणीतला आमच्या भागाचा शब्द आज कोणाला आठवत नाही : 'ऊमरा'. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती आला. १८६१ ते १८६५ ह्या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस थांबला आणि लँकेशायरच्या गिरण्या वऱ्हाडाकडे पाहू लागल्या. १८६७ पर्यंत भुसावळहून निघालेला लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून नागपूरला टेकला. ह्या काळ्या जमिनीतला आखूड धाग्याचा कापूस लिव्हरपूलच्या बाजारात 'ऊमरा' ह्या नावाने विकला जाऊ लागला आणि पुढे कित्येक दशके मुंबईच्या सौद्यांतही 'फाइन ऊमरा'चे भाव बोलले जात. हे नाव म्हणजे अमरावती. इंग्रज ती 'ऊमरावट्टी' अशी लिहीत. आता ह्यात कान देण्याजोगे काय आहे पाहा. लोक उमरावती म्हणत असत. उंबराच्या नावावरून पडलेले हे जुने रूप पुढे देवांच्या राजधानीच्या नावाखाली दडपले गेले आणि सर्वत्र अमरावती झाले. ज्याला आपण इंग्रजांचा बेंगरूळ उच्चार म्हणून हसतो त्यात गावकऱ्यांचा उच्चार जपला गेला, आणि आपल्या शुद्धीकरणात तो पुसला गेला. लाल शाई काही त्या निबंधापुरती नव्हती.

यवतमाळचा कापूस त्याच ऊमरामध्ये मिसळला. जिल्ह्याला स्वतःचे नावही उशिरा मिळाले : १९०५ पर्यंत हा 'वून' जिल्हा होता, म्हणजे वणी. यवतमाळ ह्या नावाविषयी, यवत म्हणजे डोंगर आणि माळ म्हणजे रांग, अशी व्युत्पत्ती सर्रास सांगितली जाते. जुन्या इंपीरियल गॅझेटिअरचे म्हणणे वेगळे आहे : गावाचे मूळ नाव येवता, आणि 'माळ' हा परगण्याच्या ठाण्याला लागणारा 'महाल'. महाल अरबी. म्हणजे वऱ्हाडातल्या शेकडो वर्षांच्या महसुली कारभाराचा ठसा नावातच आहे. पण डोंगररांग काव्यमय असते आणि महसूल रुक्ष असतो, तेव्हा विद्यार्थ्याला काय शिकवले जाते ते सांगायला नको.

कोणी म्हणेल, एवढे चिडायचे कारण काय? मुलांना गोडी लागते, न्यूनगंड जातो. थोडे इकडेतिकडे झाले तर बिघडले कोठे? हा आक्षेप आमच्या एका ज्येष्ठ स्नेह्यांनीच घेतला आणि तो हलका नाही. ग्रामीण भागातून आलेल्या मुलाला इंग्रजीचे भय वाटते हे खरे, आणि हा शब्द तुझाच आहे असे सांगितले की ते भय क्षणभर ओसरते हेही खरे. पण हाच मुलगा पुढे कोठल्या परीक्षेत, कोठल्या मुलाखतीत कातण-कॉटन सांगेल आणि समोरचा हसेल, तेव्हा त्याला कोण सावरणार? शिवाय गोडी लावायला खऱ्या कथा काय कमी आहेत? जिल्ह्यातला प्रत्येक कास्तकार ज्या 'जिना'त कापूस नेतो तो जीन म्हणजे 'एंजिन'चे तुटके शेपूट. एंजिन लॅटिन 'इंगेनियुम'वरून आले; त्याचा अर्थ उपजत बुद्धी. त्यातला 'गेन्' म्हणजे संस्कृतातला 'जन्', ज्यावरून आपला जन्म निघाला. एली व्हिटनीने १७९३ मध्ये अमेरिकेत सरकी वेगळी करणारे यंत्र केले, त्या यंत्राबरोबर हा शब्द जग फिरला आणि वऱ्हाडातल्या माणसाच्या तोंडी घरच्यासारखा रुळला. ही कथा ऐकून ज्या मुलाला गोडी लागणार नाही त्याला कातणानेही लागणार नाही.

खऱ्या अभ्यासाची एक खूण अशी की त्यात माहीत नाही असे म्हणण्याची सोय असते. किप्लिंगच्या दुसऱ्या 'जंगल बुक'मध्ये (१८९५) दख्खनच्या तांबड्या रानकुत्र्यांची टोळी येते. इंग्रजीत त्या प्राण्याला 'ढोल' म्हणतात. शेजारच्या ताडोबात तो आजही दिसतो. आपण त्याला कोळसुंदा, कोळसून म्हणतो. हा ढोल आला कोठून? एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी विल्यमसन नावाच्या लष्करी माणसाने तो शब्द स्थानिक म्हणून नोंदवला. पुढे हॅमिल्टन स्मिथने त्याचा संबंध तुर्कीतल्या 'देली', म्हणजे वेडा, ह्या शब्दाशी लावला आणि तेथून डच-जर्मनपर्यंत उडी मारली. तेव्हा व्युत्पत्तिवीर साहेबांतही होते. लिडेकर ह्या प्राणिशास्त्रज्ञाने नंतर लिहिले की हा प्राणी जेथे राहतो तेथील लोक हा शब्द वापरतच नाहीत. कोणी कन्नडमधल्या लांडगावाचक 'तोळ'कडे बोट दाखवतो. बाकी कोशांत मूळ अज्ञात. दोनशे वर्षे होऊनही कोशकार हे दोन शब्द छापतो आणि त्याची प्रतिष्ठा उणावत नाही. आमच्या व्यासपीठावर हे दोन शब्द उच्चारणारा वक्ता आम्ही अजून पाहिलेला नाही.

आपल्याकडे परंपरा नाही म्हणावे तर तसेही नाही. राजवाड्यांनी धातू आणि नामे ह्यांचे डोंगर उपसले. त्यांच्या काही व्युत्पत्ती आज टिकत नाहीत, पण कागद पाहिल्याशिवाय बोलू नये हे त्यांनीच शिकवले. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, दुसरी आवृत्ती १८५७ ची. ज्यूल ब्लॉक ह्यांनी मराठीच्या घडणीवर फ्रेंचमध्ये लिहिलेला ग्रंथ मराठीत आलेला आहे. कृ. पां. कुलकर्णी ह्यांचा 'मराठी व्युत्पत्ति कोश' १९४६ चा. त्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात कुलकर्णींचा कोश आम्ही मागितला. तो होता. बांधणी कोरी होती आणि शेवटची तारीख पडलेल्या चिठ्ठीवर एकही तारीख नव्हती.

आमची मागणी फार नाही. पुढच्या वर्षी हेच सत्र भरणार आहे असे कळते. पाहुण्यांना बोलवावे, जरूर बोलवावे. पण आधी महिनाभर पहिल्या वर्षाच्या मुलांना वही देऊन घरी पाठवावे आणि बंडीच्या एकेका भागाचे, कापसाच्या एकेका अवस्थेचे घरातले नाव लिहून आणायला सांगावे : पऱ्हाटी, सरकी, रुई, गाठ आणि आम्हांला ठाऊक नसलेली आणखी कितीतरी. कोलाम पोडांवरून येणाऱ्या मुलांनी कोलामीतली नावे आणावीत, तांड्यावरच्या मुलांनी गोरमाटीतली. ते शब्द फळ्यावर लिहावेत, शेजारी कुलकर्णी आणि बरो-एमेनो उघडून ठेवावेत, आणि सापडेल तेथे मूळ लिहून न सापडेल तेथे अज्ञात लिहावे. आणि त्या मुलीची वही परत मागवून 'ग्राम्य' ह्या शेऱ्यावर रेघ मारावी. लाल शाईने मारली तरी चालेल.